अख्ख्या पवईनं गळा काढलाय!

शिव शिव! काय चाललंय काय हे पवईत? रविवारी सकाळी माणसानं जरा पेपर पसरून, चहात खारी बुडवून बसावं म्हटलं, तर वरून मुकेश, खालून किशोर आणि समोरच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरून लताबाई! तिघांची पट्टी वेगळी, लय वेगळी, शब्द थोडेफार गाळलेले. निर्धार मात्र तिघांचा एकच. याला राहती वस्ती म्हणायचं की साउंड चेक? लोक इथे जन्मभराचं कर्ज काढून फ्लॅट कशाला घेतात? तलाव दिसावा म्हणूनच ना? मग त्या तलावाकडे पाठ करून, टीव्हीवर सरकणाऱ्या ओळींकडे डोळे लावून, एका हातात माइक आणि दुसरा हात कानावर असंच उभं राहायचं होतं, तर भिंतीसमोरचा फ्लॅट स्वस्तात मिळाला असता की!

बरं, हे म्हणे शिकल्यासवरल्यांचं उपनगर. १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी इथे आली, मागून कंपन्या आल्या, ग्रीक-रोमन खांबांच्या उंच इमारती आल्या आणि त्या खांबांमागे राहायला मोठमोठ्या पॅकेजवाली माणसं आली. ही माणसं लिफ्टमध्ये कशी सभ्य असायची! कुणाशी न बोलता, मजल्यांचे आकडे बघत गुपचूप खाली. आता? लिफ्टचं दार मिटायचा अवकाश, की “तुमची काळी एक का हो?” परक्या माणसाला! आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि थेट पट्टी विचारतात! पट्टी सांगितली की पुढचा प्रश्न, “अंतऱ्याला त्रास होतो का?” तळमजला येईपर्यंत गाडी घशाच्या शेकापर्यंत पोचलेली असते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तर मातेरं झालं. काय सुरेख भांडणं व्हायची पूर्वी तिथे! टँकर, पार्किंग, भटकी कुत्री, लिंक रोडवरच्या मेट्रोच्या कामाची धूळ... माणूस रात्री दोन घटका वाचत पडला तर करमणूक व्हायची. आता तिथे सकाळी सातला एक ऑडिओ येऊन पडतो. खाली लिहिलेलं, “घसा बसलाय, तरी सांभाळून घ्या.” यांचा घसा बसलेला नसतो कधी? तीन वर्षं बसलेलाच आहे की! आणि खाली टाळ्यांच्या पिवळ्या हातांची ही लांबलचक रांग. टाळ्या देणाऱ्यांनी ऐकलेलं असतं का? छे. पाच मिनिटांच्या गाण्याला पाचव्या सेकंदाला “वा, क्या बात!” कसं काय येतं बुवा? पण टाळ्या द्याव्याच लागतात. उद्या आपला ऑडिओ टाकायचाय ना.

कराओकेचं हे पाप कुणाचं, असं शोधायला गेलं तर थेट जपान गाठावं लागतं. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक बारमधल्या गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका बड्या गिऱ्हाइकाला सहलीवर गायचं होतं आणि इनोउएला सोबत जाता येईना, तर त्यानं नुसती साथ टेपवर भरून दिली. झालं! १९७१ साली त्यानं नाणं टाकून चालणारी अकरा यंत्रं बनवली आणि बारना भाड्यानं दिली. पेटंट घ्यायचं मात्र राहिलं. २००४ साली त्याला इग नोबेल मिळालं, तेही कशाचं? शांततेचं! माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवला, म्हणून! आता सांगा, त्या निवड समितीतलं कुणी रविवारी सकाळी पवईत राहून गेलं होतं का? इनोउएच्याही आधी, १९६७ साली, तोक्योच्या शिगेइची नेगिशीनं असंच एक यंत्र केलं होतं. त्याला ते का सुचलं? तर गुणगुणताना कारखान्यातल्या एकानं त्याची टिंगल केली म्हणून. बघा, कुणाच्या गुणगुणण्याची टिंगल केली की किती पिढ्यांना भोगावं लागतं ते.

त्या यंत्राचं नातवंड म्हणजे डब्ल्यूएस-८५८ नावाचा माइक. डोक्याला जाळी, गळ्याशी स्पीकर, ब्लूटूथ आतच, रंग सोनेरी किंवा डोळ्यांत खुपणारा गुलाबी. पोराच्या वाढदिवसाला कुणीतरी भेट देतं, पोरगं दोन दिवसांत कंटाळतं आणि तिसऱ्या दिवशी तो बाबांच्या हातात असतो. या माइकला एकोचं एक बटण असतं. ते शेवटपर्यंत ढकललं, की सूर नेमका कुठे निसटला हे खुद्द तानसेनालाही सांगता येणार नाही. पवईत ते बटण मागे खेचलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आता ऐका, आमच्या सहाव्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर. माणूस म्हणजे नियमांचा गाडा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तोंडपाठ: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा, मग तुमच्या घरी कुणाचं का लग्न असेना. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उघडून जिन्यात दबा धरून उभे राहायचे. कुणाचं बारसं सोडलं नाही, कुणाची मंगळागौर सोडली नाही. असा हा माणूस एका शनिवारी क्लबहाऊसमध्ये कराओकेवाल्यांवर चाल करून गेला. आम्ही सगळे मागे होतोच, मजा बघायला. तिथे एका बाईंनी काय करावं? तक्रारवही एका हातात, माइक दुसऱ्या हातात, आणि गोड आवाजात म्हणाल्या, “काका, आधी दोन ओळी म्हणा, मग मी तक्रार लिहून घेते.”

काकांनी दोन ओळी म्हटल्या. मग मुखडा म्हटला. मग म्हणाले, आता अंतरा अर्धवट सोडणं बरं दिसत नाही. झालं, ज्यानं बंदोबस्त करायचा तोच बंदा झाला! आज त्यांच्याकडे स्वतःचा मिक्सर आहे, तिवईवरचे दोन स्पीकर आहेत, पट्टी खाली-वर करायचं सॉफ्टवेअर आहे आणि मुकेशच्या ट्रॅकची एक पेनड्राइव्ह आहे, जी काकूंनी दोनदा तांदळाच्या डब्यात लपवून बघितली. डेसिबलचं ॲप अजून आहेच. आता ते बघून काका म्हणतात, “माझा आवाज पन्नासच्या वर जातच नाहीये, कायद्यानं अजून पाच शिल्लक आहेत, वाढवा!” शेवटचं गाणं बरोब्बर नऊ एकोणसाठला संपतं. नियम म्हणजे नियम.

दाद कुणाकडे मागायची? सेक्रेटरीकडे? अहो, जिथे भारत सरकारचे हात टेकले तिथे सेक्रेटरीची काय कथा! १९५२ साली आपलेच बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ बंद पाडली. लोकांची अभिरुची सुधारणार होती म्हणे. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सरळ सिलोनवर नेली. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आणि आज क्लबहाऊसच्या भिंतीवर “आवाज मर्यादित ठेवावा” असा कागद चिकटवणारा आमचा सेक्रेटरी कोण? शनिवारचा शेवटचा किशोर त्याचाच असतो.

पण क्लबहाऊस हे झालं चव्हाट्यावरचं. घराघरांत काय चाललंय? ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. म्हणजे गायला नव्हे, खरोखरीचे. एक आयटीतले गृहस्थ. पहाटे पाचला उठून खर्ज लावतात. खर्जाचा रियाज म्हणजे सगळ्यात खालचा सा धरून बसायचं. शेजाऱ्यांना आधी वाटलं, पाण्याचा पंप बिघडला. प्लंबर येऊन टाकी बघून गेला. घरात दही बंद, लोणचं बंद, आइस्क्रीमचं तर नावच काढायचं नाही. ऐन मे महिन्यात एसी बंद, कारण यांचा घसा धरतो! घसा एकाचा, घाम चौघांना. ऑफिसच्या मीटिंगला ज्येष्ठमधाची काडी तोंडात आणि टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. परवा तर घरून काम करताना माइक चालूच राहिला आणि पलीकडच्या चौदा जणांनी यांची यमनातली पलट्यांची उजळणी ऐकली. आता नोकरी जाणार, असं घरच्यांनी धरून चाललेलं. तर साहेब खाकरले आणि म्हणाले, “तीव्र मध्यम जरा कमी लागतोय.” साहेबही त्यातलेच!

रेकॉर्डिंग कुठे करतात ठाऊक आहे का? कपाटात. हो, कपड्यांच्या कपाटात! रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, कापडात तो शोषला जातो, हे शास्त्र यांना कुणीतरी सांगितलंय. म्हणून दार उघडून, बायकोच्या पैठण्यांत तोंड खुपसून, विरहगीत गातात. बायकोला विचारलं तर म्हणाली, “लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या साड्यांकडे यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं.” कुकरच्या शिट्टीनं टेक बिघडतो म्हणून वरण दुपारी तीनला शिजतं. कामाच्या मावशींना फर्मान: भांडी आपटायची नाहीत. मावशी फुलेनगरच्या, वर्षानुवर्षं भजनी मंडळात गाणाऱ्या. चार दिवस गप्प राहिल्या, पाचव्या दिवशी हात पुसत म्हणाल्या, “दादा, दुसऱ्या कडव्याला चढता तुम्ही. जरा उतरून घ्या.” दादांनी ऐकून पाहिलं. मावशींचं बरोबर होतं! तेव्हापासून त्या घरात गाणं मावशींच्या कानावर घातल्याशिवाय ग्रुपवर जात नाही, आणि भांडी अर्थातच निथळत पडलेली असतात.

आणि आता खरी खमंग गोष्ट: ड्युएट! स्म्यूल नावाचं एक ॲप आहे, तिथे अर्धं गाणं तुम्ही गाऊन ठेवायचं, उरलेलं अर्धं जगाच्या पाठीवरून कुणीही येऊन गातं. कुणीही हं! रात्री साडेअकराला नवरा बाल्कनीत जाऊन हळुवार आवाजात प्रेमाची कबुली देतोय. कुणाला? तर न्यू जर्सीतल्या एका विवाहित बाईंना. बायको बेडरूममध्ये तेवढ्याच हळुवारपणे रुसतेय. कुणावर? नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरांवर. घरात ऐकू येतं ते दोन वेगवेगळ्या गाण्यांचं निम्मं-निम्मं. सकाळी पोह्यांच्या बशीवर हा त्याचं अर्धं गुणगुणतो, ती तिचं अर्धं. दोघांत मिळून एकही गाणं पुरं होत नाही! सांगा, आपल्या आईवडिलांच्या काळी परपुरुषाबरोबर प्रेमगीत म्हटलेलं सासूला कळलं असतं तर काय झालं असतं? आता? सासूच विचारते, “किती लाइक आले गं?” आणि डॉक्टरांचा सूर जरा कणसूर आहे, दुसरा बघ, असा सल्लाही देते.

मग नवरा-बायको एकमेकांबरोबरच का गात नाहीत, असा भोळा प्रश्न तुम्ही विचाराल. अहो, गाऊन बघितलंय की. त्याची पट्टी काळी एक, तिची काळी पाच. ट्रॅक एकाच पट्टीतला. एकाला सोयीचा करावा तर दुसऱ्याच्या मानेच्या शिरा ताणतात. शिवाय ती ठेक्याचं यंत्र लावून बसणारी, तो सम आली की सरबत प्यायला गेलेला. “तू घाई करतेस”, “तू रेंगाळतोस”, आणि बघता बघता विषय गाण्यावरून निघतो तो २००७ सालच्या माथेरान ट्रिपवर जातो. पत्रिका बघतात, गोत्र बघतात, पगार बघतात; पट्टी बघतं का कुणी? एखादंच जोडपं नशीबवान. ते लिटिल चॅम्प्समधले मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे बघा, २०२३ साली बोहल्यावर चढले. त्यांच्या फोटोखाली पवईतल्या किती नवऱ्यांनी सुस्कारे टाकले असतील!

लिटिल चॅम्प्सवरून आठवलं. या साथीचं मूळ थोडंफार तिथेही आहे. २००८-०९ साली कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित या पाच पोरांनी अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीपुढे बसवलं. दुसऱ्या दिवशी पवईतल्या प्रत्येक आईबापानं आपल्या पोराला गाण्याच्या क्लासला घातलं. पेटी आली, गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, आणि मग आली दहावी. पेटी पलंगाखाली गेली. पोरं शिकून जर्मनीला गेली. राहिले कोण? आईबाप आणि पेटी! आता बाबा त्याच पेटीवर बोटं फिरवतात आणि पोराला व्हिडिओ कॉलवर ऐकवतात. पोरगं तिकडे म्युनिकमध्ये “नेटवर्क जातंय बाबा” म्हणतं. नेटवर्क कुठे जातंय? म्युनिकमध्ये?

त्या पेटीवर आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली होती, ती पुढची तीसेक वर्षं टिकली. श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही, परदेशी वाद्य आहे, काय काय आरोप होते बिचारीवर. आता दादरला हरिभाऊ विश्वनाथांच्या दुकानात जाऊन बघा, कोण कोण पेटीचा भाता ओढून बघत असतं ते. बँकेचे मॅनेजर, भूलतज्ज्ञ, सोसायटीच्या भांडणांतले वकील. ज्यांना पेटी जड वाटते ते युकुलेले घेतात. मदेराच्या पोर्तुगीज मजुरांबरोबर १८७९ साली हवाईला पोचलेल्या वाद्यावरून घडलेलं हे चार तारांचं वाद्य तिथून पवईला कसं आलं, याचं उत्तर एकच: चार कॉर्ड आले की चाळीस गाणी वाजतात, असं कुणीतरी व्हिडिओत म्हणालं. तीन कॉर्ड येतात. चौथ्याला करंगळी पोचत नाही. आणि त्याहून वरचढ म्हणजे ते एक जोडपं, ज्यांनी मिरजेहून खराखुरा तानपुरा आणला. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ना, त्याच्या दुसऱ्या महिन्यात! तो भोपळा, ती उंची, आणि यांचा हॉल केवढा? तानपुरा फ्रिजशेजारी उभा आहे आणि फरशी पुसणारा रोबो रोज येऊन त्याला धडकतो. सूर म्हणाल तर मोबाइलमधल्या तानपुऱ्याचा लावतात. खरा तानपुरा पाहुण्यांसाठी आहे.

या मंडळींचं पंचांगही वेगळं आहे. तुमचा-आमचा चातुर्मास आषाढी एकादशीला लागतो, यांचा जूनच्या शेवटच्या आठवड्यात. २५ जून मदनमोहनची जयंती, २७ जून पंचमची. १४ जुलैला पुन्हा मदनमोहन, या वेळी पुण्यतिथी. २५ जुलैला बाबूजींची जयंती आणि २९ला पुण्यतिथी, म्हणजे सुधीर फडक्यांचा अख्खा आठवडाच. ३१ जुलैला रफीसाहेबांचं स्मरण. त्या दिवशी माणसं खरोखर कमी बोलतात. त्या दुःखातून सावरतात न सावरतात तोच ४ ऑगस्ट, किशोरदांचा वाढदिवस, की सुटलेच उड्या मारत! २७ ऑगस्टला मुकेश. ८ सप्टेंबरला आशाताई. २६ला हेमंतकुमारांना डोळे पुसून निरोप आणि २८ला लताबाईंच्या जन्मदिवसानं सांगता. मध्ये गणपती येतात, ते बिचारे यांच्या तारखा सांभाळून येतात. श्रावणात वांगं खाणार नाहीत म्हणे! वांगं खा हो, पण ३१ जुलैला सहा वेळा तेच गाणं सहा जणांनी गाऊ नका. ऐकतात का? “माझं व्हर्शन वेगळं आहे.” कसं वेगळं? सुरात नाही म्हणून?

ज्यांना क्लबहाऊस अपुरं पडतं ते नाट्यगृहात जातात. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. पूर्वी लोक तिथे तिकीट काढून ऐकायला जात. आता गाणाराच पैसे भरतो: सोलोचे इतके, ड्युएटचे इतके, लाइव्ह वादक हवे असतील तर विचारू नका. वर नवं चमचमतं जाकीट, वर नातलगांची ने-आण, वर त्या नातलगांना मध्यंतरातले वडे. स्टेजवर स्टँडला लावलेला टॅब, त्यात शब्द. ज्या गाण्यावर आयुष्य ओवाळून टाकलं म्हणतात, त्याचे शब्द टॅबमध्ये! प्रेक्षक कोण? एकतर गाऊन झालेले किंवा गायचे राहिलेले. गाऊन झालेले आपापल्या गोतावळ्यासकट उठून जातात, त्यामुळे शेवटच्या गायकाला निवेदक, साउंडवाला आणि खुर्च्या मोजायला आलेला माणूस एवढंच ऐकतं. नाव मात्र रसिकांच्या अलोट गर्दीचं.

हसू नका. न्यूयॉर्कलाही हेच झालंय. फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स नावाची एक श्रीमंत बाई होती. सूर आणि ती यांची गाठ कधी पडली नाही, पण हौस अशी की वयाच्या ७६व्या वर्षी, २५ ऑक्टोबर १९४४ला, तिनं थेट कार्नेगी हॉलमध्ये गाणं केलं. हॉल भरला, तिकिटं आधीच संपलेली! लोक हसून हसून लोळले, आणि बाईंचं नाव आजतागायत घेतलं जातंय. सुरात गाणाऱ्या तिच्या काळच्या किती गायिकांची नावं तुम्हाला सांगता येतील? सांगा ना. हेच तर म्हणणं आहे आमच्या ऑडिटरकाकांचं. त्यांनी त्या बाईंवरचा मेरिल स्ट्रीपचा सिनेमा पाहिलाय आणि त्यातून भलताच धडा घेतलाय.

आणि सूर लागला की नाही, हे आता भांडून ठरवायचंही कारण उरलेलं नाही. गाणं संपताच मार्क देणारी ॲप निघालीत! गळ्यातून निघालेल्या सुराची उंची संगणकानं कशी पकडायची, या विषयावर आमच्याच आयआयटीत प्रा. प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं गंभीर संशोधन चालू आहे, आपल्या रागसंगीतावरसुद्धा. म्हणजे बघा, रस्त्याच्या एका अंगाला सुराचं शास्त्र, दुसऱ्या अंगाला त्याचं अपहरण! मार्कांनी तर संसार उघडे पडले. नवरा ६४, बायको ९१. नवऱ्याचं म्हणणं, यंत्राला भाव कळत नाही. नवऱ्यांच्या गाण्यातला भाव यंत्रालाच कसा कळत नाही, हे एक कोडंच आहे. बारा वर्षांच्या मुलीनं काही न गाता माइक पंख्यापुढे धरला, तर पंख्याला ५८! बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. फेसबुकनं तर त्यांच्या व्हिडिओचा आवाजच बंद करून टाकला होता, कॉपीराइटचं कारण देऊन. बाबा म्हणाले, “बघा, मूळ गाण्याशी इतकं साम्य आहे की मशीनसुद्धा फसलं.” या उत्तरापुढे आपण काय बोलणार, सांगा.

टोकलंत तर यांच्याकडे एक ब्रह्मास्त्र तयार असतं: वसंतराव! “डॉ. वसंतराव देशपांडे डिफेन्स अकाउंट्समध्ये कारकुनीच करत होते ना? मग?” मग काय? वसंतराव ऑफिस सुटल्यावर जे गात होते ते, आणि तुम्ही एमआयएस रिपोर्ट पाठवून झाल्यावर जे गाता ते, या दोन्हींत नोकरी सोडून काय सारखं आहे? पण नाही. त्याच्यामागून डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे येतात, “बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट आहे त्यांची!” त्याच्यामागून पुलंची पेटी. डिग्री आणि गाणं एकत्र नांदतं हे त्यांनी दाखवून दिलं म्हणून पवईतल्या प्रत्येक डिग्रीवाल्याला वाटतंय, अर्धं काम तर झालंच आहे आपलं!

खरे हौशी बघायचे तर लोकलमध्ये बघा. कांजूरमार्गला चढलं, की डब्याच्या एका कोपऱ्यात भजनी मंडळ. चार सीटांमध्ये टाळ, पत्र्यावर ठेका, एकजण अभंग उचलतो, बाकीचे घामानं निथळत मागून धरतात. ना एको, ना जाकीट, ना लाइक. स्टेशन आलं की टाळ पिशवीत टाकून माणूस उतरून कामाला. त्यांच्यावरही बोटं मोडणारे आहेतच, रेल्वेनं कारवाईसुद्धा केलेली आहे. पण त्यांच्यातल्या कुणी उतरताना “कसं वाटलं?” असं विचारलेलं ऐकलंय का कुणी? आमच्या पवईत “कसं वाटलं?” हेच ध्रुवपद आहे.

संध्याकाळी तलावाकाठी फिरायला गेलात तर तिथेही सुटका नाही. १८९१ साली साहेबानं मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून हा तलाव बांधला, पाणी पिण्यालायक निघालं नाही. आता त्याच्या काठी माणसं घसा सुकवत बसलेली असतात. कानात तारा, हातात मोबाइल, डोळे मिटलेले, हाताचे हेलकावे चालू. जवळून जाणाऱ्यांना वाटतं, योग आहे. मध्येच एखादी तान फुटते आणि बगळे उडतात. तलावात मगरी आहेत, त्या वर्षानुवर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. पण त्याही हल्ली काठाला कमी दिसतात अशी आपली आमच्या मॉर्निंग वॉकवाल्यांत कुजबुज आहे. खरं-खोटं मगरी जाणोत.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला एवढं सगळं कसं माहीत? कोणाची पट्टी कुठली, कुठल्या नाट्यगृहाचा दर काय, पंख्याला मार्क किती? अहो, माहिती ठेवावी लागते! चार लोकांत राहायचं म्हणजे... आणि तुमच्या गाडीच्या डिकीत ती काळी लांबट पिशवी कसली आहे, ते आधी सांगा. ट्रायपॉड? फोटोग्राफीचा? बरं बरं. आणि बाथरूमचा नळ सकाळी वीस मिनिटं नुसताच वाहत असतो, तो पाणीटंचाईच्या दिवसांत का बरं? त्या नळाच्या आवाजाखाली कुणाचा रियाज चालतो, हे सगळ्या डक्टला ऐकू येतं, एवढं सांगून ठेवतो. चौथ्या मजल्यावरच्या ज्या बाई या सगळ्याला “थिल्लरपणा” म्हणतात, त्यांनी स्म्यूलवर ‘सांजवेळ’ नाव घेऊन खातं उघडलंय, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज छान आहे त्यांचा. आम्ही ऐकलं. म्हणजे, चुकून लागलं.

असो. तर ४ ऑगस्टची यादी काकांनी काल ग्रुपवर टाकली आणि पुन्हा राडा झाला. पहिल्या नंबरवर सेक्रेटरी, दुसऱ्यावर काका स्वतः, आणि साडेनऊनंतरचे सगळे नंबर नव्या लोकांना! का? नवे म्हणून? रात्री नऊ चाळीसला घसा कुणाचा तापलेला राहतो? वर प्रत्येकी एकच गाणं, मधलं म्युझिक कापायचं, शिट्टी मारायची असेल तर स्वतःची मारायची, ट्रॅकमधली नाही. ही काय हुकूमशाही आहे की काय? आम्ही कळवून टाकलंय: सातव्या नंबरच्या खाली गाणार नाही आणि ट्रॅक काळी दोनमधलाच पाहिजे. काकांचं उत्तर आलंय, सातवा नंबर मावशींना दिलाय, हवं तर त्यांच्याशी बोलून घ्या.